व्हीलचेअर मिळाली, पण ती न्हाणीच्या दारातून जाते का?

दिव्यांगांसाठीच्या शिबिरात मिळणारी नेहमीची घडीची व्हीलचेअर एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत मोजली, तर साधारण २५-२६ इंच भरते. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांत न्हाणीचं दार बऱ्याचदा २४ इंचांचं असतं. नव्या फ्लॅटमध्ये चौकट थोडी मोठी असते, पण दार उघडलं की दाराच्या जाडीनेच दीड-दोन इंच खाल्लेले असतात. म्हणजे खुर्ची हॉलमध्ये फिरते, बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) जाते, आणि अंघोळीची वेळ झाली की माणसाला दोघांनी उचलूनच न्यावं लागतं. घरातला मुलगा कामावर गेला असेल तर अंघोळ संध्याकाळवर जाते. सरकारच्या हिशेबात मात्र त्या घराला साधन मिळालेलं असतं.

दिव्यांगांसाठी स्वस्त साधनं आणि सुलभ जागा या विषयावर बोलताना आपण नेहमी साधनाच्या किमतीपाशी थांबतो. किंमत महत्त्वाची आहेच. पण साधन माणसाच्या मापाचं आहे का, बिघडलं तर गावात दुरुस्त होतं का, आणि ते घेऊन घराबाहेर पडल्यावर पुढे रस्ता आहे का, हे तीन प्रश्न सोडून दिले तर स्वस्तातलं साधनही महागच पडतं, कारण ते माळ्यावर जाऊन पडतं.

आधी ही गरज किती मोठी आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली सहायक साधनांवर एक जागतिक अहवाल काढला. त्यानुसार जगात अडीचशे कोटी लोकांना किमान एका सहायक साधनाची गरज आहे, आणि त्यातल्या जवळजवळ शंभर कोटी लोकांना ते मिळत नाही. आकडा एवढा मोठा दिसतो कारण त्यात चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर हे सगळं धरलेलं आहे. तसं धरायलाच हवं. चष्मा हेही सहायक साधनच आहे. फक्त ते इतकं सर्रास मिळतं की तो लावणाऱ्याला कुणी दिव्यांग म्हणत नाही. श्रीमंत देशांत गरजूंपैकी बहुतेकांना साधन मिळतं, तर काही गरीब देशांत हे प्रमाण तीन टक्के इतकं खाली आहे.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली, लोकसंख्येच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. गोव्यात ती सुमारे ३३ हजार होती. ही मोजणी जुन्या पद्धतीची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्यात ऑटिझम, थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्याने आलेलं अपंगत्व असे अनेक प्रकार आले. शिवाय पक्षाघात झालेले आजोबा किंवा गुडघे गेलेली आजी स्वतःला या यादीत धरतच नाहीत. गोव्यात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, मुलं कामासाठी परदेशी, आणि मोठ्या घरात दोघंच राहिलेली. म्हणून हा विषय ‘त्यांचा’ मानून चालणार नाही.

साधनं महाग का असतात?

कारणं एकात एक अडकलेली आहेत. शर्ट मोठ्या संख्येने शिवला की स्वस्त होतो, पण व्हीलचेअर, कॅलिपर (कमजोर पायाला बांधायचा आधार), कृत्रिम पाय हे प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे बदलतं, त्यामुळे एकच माप हजारोंनी बनवून भागत नाही. चांगले भाग आयात होतात. माप घेणारे, बसवणारे, शिकवणारे तज्ज्ञ कमी आणि ते शहरात. ज्याला साधन हवं त्याच्याकडे बहुतेकदा पैसे नसतात, त्यामुळे खरी खरेदी सरकार किंवा संस्था करतात, आणि तिथे टेंडर निघतं. टेंडरमध्ये सगळ्यात कमी बोली जिंकते, एकच मॉडेल एकाच मापात हजारोंनी येतं, आणि मग बारीक अंगाच्या मुलीला आणि जाडजूड गृहस्थांना सारखीच १८ इंची बैठकीची खुर्ची मिळते. एकत्रित खरेदीने किंमत खाली येते हे खरं, आणि ती हवीच. पण निवड संपली की वाचलेले पैसे वाया जातात.

१९९३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की मिळालेल्या साधनांपैकी जवळजवळ तीस टक्के साधनं लोकांनी पूर्णपणे वापरायची सोडून दिली होती. त्यामागच्या मोठ्या कारणांत एक कारण होतं: साधन निवडताना वापरणाऱ्याचं मत कुणी विचारलंच नव्हतं. हे पैसेवाल्या देशातलं चित्र. आपल्याकडे पत्नी, मुलगा, सरपंच, डॉक्टर सगळे बोलतात, आणि ज्याला खुर्चीत बसायचं आहे तो गप्प असतो.

स्वस्त आणि तरीही नेमकं साधन कसं बनतं, याचं आपल्या देशातलं उत्तम उदाहरण म्हणजे जयपूर फूट. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सरकारी रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. तेव्हा मिळणारे कृत्रिम पाय बूट घालून चालण्यासाठी बनलेले होते. आपला माणूस शेतात अनवाणी जातो, जेवायला मांडी घालतो, शौचाला उकिडवा बसतो, देवळात चप्पल काढतो. त्या पायांनी यातलं काहीच जमत नव्हतं. रबराचा हा पाऊल दिसायला पावलासारखा, सगळ्या बाजूंना वाकणारा, चिखल-पाण्यात चालणारा आणि स्थानिक मालातून बनणारा निघाला. १९७५ मध्ये जयपूरला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि तिथून हे पाय मोफत बसवले जाऊ लागले. मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एका डॉक्टरची आणि एका कारागिराची जोडी. शर्मा फारसे शिकलेले नव्हते, पण हात कसा चालतो हे त्यांना माहीत होतं.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण आपल्या लाल मातीला लागू पडणारं. राल्फ हॉचकिस हे अमेरिकन अभियंते स्वतः व्हीलचेअर वापरणारे. १९८० पासून निकाराग्वासारख्या देशांतल्या दिव्यांगांबरोबर बसून त्यांनी खडबडीत रस्त्यांवर चालणाऱ्या, गावातल्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या आणि सायकलच्या टायरवर चालणाऱ्या खुर्च्या तयार केल्या. हॉस्पिटलच्या खुर्चीची पुढची चाकं लहान आणि अरुंद असतात. गुळगुळीत लादीवर ती छान फिरतात, पण मातीत रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. या खुर्च्यांत पुढची चाकं रुंद रबराची ठेवली आणि मागच्या चाकांपासून आणखी लांब नेली. जून महिन्यात पेडणे किंवा सांग्याच्या वाड्यावर ज्याने खुर्ची ढकलली आहे, त्याला या एका बदलाचं मोल सांगायला नको.

खुर्चीचं माप घरच्या घरी

आता थोडं तपशिलात जाऊ, कारण हे कुणीच समजावून सांगत नाही आणि यावर जीव अवलंबून असतो. माणसाला टणक स्टुलावर सरळ बसवा. दोन्ही कुल्ल्यांना टेकतील अशी दोन जाड पुस्तकं बाजूंना उभी धरा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. खुर्चीच्या बैठकीची रुंदी जवळपास एवढीच हवी. जास्त रुंद झाली तर माणूस एका बाजूला कलतो, पाठीचा कणा वाकडा होतो, शिवाय चाकांपर्यंत हात पोचत नाहीत. मग कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजा आणि त्यातून ३ ते ६ सेंटीमीटर वजा करा. ती झाली बैठकीची खोली. शेवटी गुडघ्याच्या खळीपासून टाचेपर्यंत. पाय ठेवायची पट्टी गादीच्या वरच्या पातळीपासून तेवढ्याच अंतरावर हवी. पट्टी वर असली की गुडघे उचलले जातात, सगळं वजन कुल्ल्यांच्या दोन हाडांवर येतं, आणि तिथेच जखम होते.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला त्या जागी दुखत नाही. त्यामुळे त्वचा लाल होते, काळी पडते, फुटते, आणि तोवर कुणाला कळत नाही. या जखमेतला संसर्ग रक्तात गेला तर माणूस दगावतो. म्हणून खुर्चीबरोबर चांगली गादी हवीच, आणि दर अर्ध्या तासाने पुढे किंवा बाजूला झुकून वजन हलवायची सवय हवी. नुसत्या कापडी बैठकीची खुर्ची हातात देऊन सही घेणं, हे माझ्या मते अर्धवट उपचार करून माणसाला घरी पाठवण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही व्हीलचेअर देण्याच्या प्रक्रियेत तपासणी, माप, बसवणं, शिकवणं आणि पुढची पाहणी हे टप्पे सांगितलेले आहेत.

न्हाणीच्या दाराचं म्हणाल तर सगळं फोडायची गरज नसते. दार काढून पडदा लावला की दीड-दोन इंच मिळतात. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं फिरवून घ्यावं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. उंबरठा अर्ध्या इंचाहून उंच नसावा. चाकांची प्लास्टिकची शॉवर खुर्ची अरुंद असते आणि पुष्कळ घरांत तेवढ्यानेच काम भागतं. नवं घर बांधणाऱ्यांनी मात्र सगळी दारं ९० सेंटीमीटरची ठेवावीत. आज त्याचा खर्च जवळजवळ काहीच नाही.

पाऊस, खारा वारा आणि दुरुस्ती

गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि किनाऱ्याला वारा खारट. साधनं बनवणाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये हे कुठे नसतं. लोखंडी खुर्चीचे स्पोक पहिल्याच पावसाळ्यात गंजतात, पुढच्या चाकांची बेअरिंग करकरायला लागतात, कॅलिपरच्या चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी येते. श्रवणयंत्राचं तर विचारू नका. घाम आणि दमट हवा मायक्रोफोनमध्ये शिरते, आवाज तुटायला लागतो आणि घरचे समजतात की बाबांचे कान आणखी गेले. रात्री यंत्र काढून, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या हवाबंद डबीत ठेवलं तर त्याचं आयुष्य कितीतरी वाढतं. त्या डबीला शे-दोनशे रुपये लागतात. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, तरी यंत्र हातात देताना ते सांगितलं जातंच असं नाही.

श्रवणयंत्राबद्दल आणखी एक. ते दुकानातून आणून कानात घालायचं नसतं. कुठल्या आवाजाला किती कमी ऐकू येतं याचा आलेख काढून ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) ते त्या माणसासाठी जुळवायचं असतं. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा जसा डोकं दुखवतो, तसंच न जुळवलेलं यंत्र: भांड्यांचा आवाज कर्कश येतो आणि नातवाचं बोलणं तसंच पुसट राहतं. लहान मुलाचा कान वाढत असतो, त्यामुळे कानातला साचा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो.

दुरुस्तीसाठी मला एकच निकष पटतो. साधन घेण्याआधी विचारावं, याचा पार्ट माझ्या तालुक्यात मिळेल का? हवेचा सायकल टायर असलेली खुर्ची डिचोलीचा किंवा काणकोणचा सायकलवाला पंक्चर काढून देईल. कॅलिपरची पट्टी चांभार शिवून देईल. पण बॅटरीवरच्या खुर्चीचा जॉयस्टिक बिघडला तर ती मुंबई-बेंगळुरूला पाठवावी लागते आणि महिने जातात. तोवर माणूस पलंगावर. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना बेअरिंग बदलणं, स्पोक ताणणं, पट्ट्या बसवणं शिकवलं आणि प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दुरुस्तीचा दिवस ठेवला, तर नव्या साधनांच्या खर्चाच्या छोट्याशा भागात जुनी साधनं चालती राहतील. असं मला मनापासून वाटतं.

घराबाहेर पडल्यावर

गोव्यातली सगळ्यात सुलभ सार्वजनिक वाहनं कोणती असं मला विचारलं, तर मी फेरीबोट म्हणेन. कुणी दिव्यांगांचा विचार करून ती बांधली नाही. गाड्या चढाव्यात म्हणून तिला उतरती फळी दिली. पण त्याच फळीवरून रायबंदरला व्हीलचेअर चढते आणि चोडणला उतरते, वॉकरवाली आजी चढते, बाळाची गाडी चढते. कुणाला उचलावं लागत नाही. अडचण येते ती ओहोटीला. पाणी खाली गेलं की धक्क्याचा जास्त उतार उघडा पडतो, आणि तो भाग ओला, शेवाळलेला असतो. तिथे खरबरीत काँक्रीट आणि एका बाजूला धरायला पाइप दिला तर पुष्कळ काम होईल.

खाजगी बसची पहिली पायरी मात्र गुडघ्याच्या उंचीला असते, आणि पाय टेकायच्या आत बस हलते. अंध प्रवाशाला निदान एक आधार आहे: कंडक्टर दारात लटकून ‘म्हापसा, म्हापसा’ ओरडत असतो. बोर्ड न वाचता बस कळण्याची ती एक चालू व्यवस्थाच आहे. नव्या बसमध्ये हेच काम यंत्राने करायचं असेल तर आवाज कोकणी-मराठीत आणि बाहेरच्या बाजूलाही यायला हवा, कारण बस कुठली हे कळायची गरज स्टॉपवर उभ्या असलेल्याला असते.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी. आपल्या घरांना, देवळांना, पंचायत घरांना पावसामुळे चिऱ्यांचं उंच जोतं असतं. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट. त्याला अठरा फूट रॅम्प लागतो. पुष्कळ ठिकाणी सहा-सात फुटांत तो आटोपलेला दिसतो. तो मोटारसायकल चढवायला ठीक, पण त्यावर खुर्ची एकट्याने चढत नाही आणि उतरताना सुटते. जागा नसेल तर रॅम्प वळवून घ्यायचा आणि वळणावर दीड मीटर सपाट जागा ठेवायची. दोन्ही बाजूंना कठडा. वर चकचकीत टाइल अजिबात नको.

फोनवरची सुलभता हा वेगळा मोठा विषय आहे, पण एक गोष्ट इथेच सांगते. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून बनवलं आणि ते पूर्ण मोफत आहे. अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅकही फुकट आहे आणि मराठी वाचतं. तरीही योजनांची माहिती व्हॉट्सॲपवर फोटोच्या रूपात फिरते आणि खात्यांची परिपत्रकं स्कॅन करून चढवली जातात. चित्रातलं अक्षर वाचायला या सॉफ्टवेअरला अडतं. तोच मजकूर खाली टाइप करून दिला तर एक पैसा लागत नाही.

कायदा काय म्हणतो, अर्ज कुठे करायचा

२०१६ च्या कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सुलभतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्याला परवानगी देता येत नाही आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुलभतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवणारा नियम १५ कायद्याशी विसंगत आहे, आणि बंधनकारक निकष करा. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला तेव्हा रॅम्प, सांकेतिक भाषेचे दुभाषी, मदतनीस हे सगळं उभं राहिलेलं गोव्याने पाहिलं. त्यामुळे ‘आपल्याकडे जमत नाही’ हे कारण आता कुणाला देता येणार नाही.

साधनासाठी केंद्राची एडीआयपी योजना १९८१ पासून आहे. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला लागतो. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळतं. बहुतेक साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीत बनतात. पहिली पायरी म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. मापाच्या शिबिराला जाताना वर सांगितलेली मापं, घराच्या दारांची रुंदी आणि दारापुढच्या वाटेचा फोटो बरोबर न्या, आणि माप घेणाऱ्याला दाखवा. खुर्ची चुकीच्या मापाची आली तर घेतानाच लेखी नोंद करा, नंतर ऐकून घेणारं कुणी भेटत नाही.

इमारतीबद्दल तक्रार असेल तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो, आणि त्याआधी ग्रामसभेत विषय मांडता येतो. अर्जात ‘रॅम्प नाही’ एवढंच लिहू नका. पायऱ्या किती, एकूण उंची किती इंच, दाराची रुंदी किती, शौचालयात खुर्ची वळायला दीड मीटर जागा आहे का, हे टेप लावून लिहा, फोटो जोडा, कलम ४५ चा उल्लेख करा आणि एका प्रतीवर पोच घ्या.